तीन हजार शब्दांची यादी आणि वॉर्डातला टीपीआर चार्ट

मॅडम, नमस्कार.

मी सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वय 27, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालंय, पाच वर्षांचा अनुभव आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी माध्यमाची. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. मला नर्स म्हणून इंग्लंडला जायचंय. त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 6.5, रायटिंग 6. एकूण 7 बँड आले, पण त्याचा उपयोग नाही, कारण स्पीकिंगला 7 आणि रायटिंगला 6.5 लागतातच. क्लासचे सर म्हणाले, तुझी व्होकॅब्युलरी कमी पडते. त्यांनी तीन हजार शब्दांची पीडीएफ दिली. मी रोज 50 शब्द पाठ करते. नाइटला पेशंट झोपले की करते, घरी जाताना सिटी बसमध्ये करते. रविवारी उजळणीला बसले की दहासुद्धा आठवत नाहीत. जे आठवतात ते लिहिताना वापरले, तर सर म्हणतात चुकलं. पुन्हा परीक्षेला दहा आठवडे आहेत. माझ्या डोक्यातच काही कमी आहे का? आमच्याकडे अक्कलकोट, इंडीकडचे पेशंट येतात. त्यांचं कन्नड मी कधी बोलायला लागले ते मलाही कळलं नाही. मग इंग्रजीच का येत नाही? सोबत माझ्या निबंधातला एक परिच्छेद पाठवते. कृपया नाव छापू नका.

– एक वाचक, सोलापूर

प्रिय मैत्रिणी,

कन्नडचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस, पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कन्नड तू कशी शिकलीस ते जरा आठव. एखादी आजी पोटावर हात ठेवून ‘नोवु, नोवु’ म्हणाली असेल. नोवु म्हणजे दुखणं, हे तुला कुणी सांगावं लागलं नाही, तिच्या चेहऱ्यावरच ते दिसत होतं. तासाभरात शेजारच्या बेडवरच्या बाईला तू ‘एल्लि नोवु?’ असं विचारलंस. चुकलं असेल तर ती हसली असेल आणि तिने नीट म्हणून दाखवलं असेल. त्या दिवशी तो शब्द तुझ्या तोंडून दहा वेळा गेला, दुसऱ्या दिवशी चार वेळा, आठवड्याने पुन्हा. शब्द भेटला तो प्रसंगात, शेजारच्या दुसऱ्या शब्दाचा हात धरून, आणि लगेच वापरला गेला. पीडीएफमधल्या 50 शब्दांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. ते एकेकटे येतात, पुढे फक्त एक मराठी अर्थ लिहिलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी नवे 50 येऊन बसतात.

तेलुगू, मराठी, हिंदी आणि कामापुरती कन्नड, अशा चार भाषा बोलणाऱ्या मुलीने ‘माझ्या डोक्यात काही कमी आहे का’ असं विचारावं, याचं मला फार वाईट वाटलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला निघाले तेव्हा त्यांना चिनी कुठे येत होती? तिथल्या माणसांत राहून, काम करता करता ते ती भाषा शिकले. तुला निघण्याआधी परीक्षा द्यावी लागते एवढाच फरक. भाषा शिकण्याची ताकद तुझ्याकडे आहे, तिचा पुरावा तू रोज वॉर्डात देतेस. चुकली आहे ती पद्धत, आणि ती तू निवडलेली नाहीस, तुझ्या हातात दिली गेली आहे. सुरुवातीच्या काही वर्षांत मीही विद्यार्थ्यांना अशाच याद्या दिल्या. मुलं मान खाली घालून पाठ करायची, माझ्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळवायची आणि निबंधात त्यातला एक शब्द धड उतरायचा नाही. ते पाहून मी याद्या देणं बंद केलं.

आता परीक्षेला नेमकं काय हवं ते बघू. रायटिंग आणि स्पीकिंग, दोन्हीकडे गुण चार निकषांवर देतात आणि त्यातला एक शब्दसंपदेचा, म्हणजे चौथा हिस्सा. हे निकष कुणालाही वाचायला खुले आहेत. शब्दांच्या रकान्यात 6 बँडचं वर्णन साधारण असं आहे: कामापुरते शब्द आहेत, कमी वापरातले शब्द वापरायचा प्रयत्न आहे, पण त्यात चुका होतात. 7 साठी हवी शब्दांतली लवचीकता, नेमकेपणा, आणि कोणता शब्द कोणाबरोबर येतो याची जाण. शब्द किती आणि किती अवघड, हे कुणी मोजत नाही. म्हणजे तू पाठ केलेला अवघड शब्द चुकीच्या जागी ठेवतेस तेव्हा तू नेमकं 6 बँडचं वर्णन खरं करून दाखवतेस.

तुझ्या परिच्छेदातलं हे वाक्य घे: ‘गव्हर्नमेंट शुड एक्सपेंड अ प्लेथोरा ऑफ मनी टु ॲमेलियोरेट द हॉस्पिटल्स.’ व्याकरण ठीक आहे. पण ‘प्लेथोरा’ म्हणजे नुसतं खूप नव्हे, नको इतकं, गरजेपेक्षा जास्त. सरकारने नको इतका पैसा घालावा असं तर तुला म्हणायचं नव्हतं. शिवाय हा शब्द मोजता येणाऱ्या गोष्टींबरोबर शोभतो, पैशाबरोबर नाही. ‘एक्सपेंड’ची सोबत बहुधा एनर्जीशी, एफर्टशी, पैशाबरोबर साधा ‘स्पेंड’ चालतो. ‘ॲमेलियोरेट’ करायची ती वाईट परिस्थिती, दुःख, अडचण. हॉस्पिटल ही वस्तू ॲमेलियोरेट होत नाही. तेच म्हणणं असं लिहून बघ: ‘गव्हर्नमेंट्स शुड स्पेंड फार मोअर ऑन प्रिव्हेन्शन, सो दॅट फ्युअर पीपल नीड हॉस्पिटल ट्रीटमेंट.’ यातला प्रत्येक शब्द तुला आधीपासून येतो. तरीही हे वाक्य तुझ्या वाक्यापेक्षा वरच्या बँडचं आहे, कारण प्रत्येक शब्द आपल्या जागेवर आहे.

शब्दांची ही सोबत म्हणजे काय, ते मराठीत तुला न शिकवता कळतं. कपडा पांढराशुभ्र असतो आणि घाबरलेल्याचा चेहरा पांढराफटक. शेत हिरवंगार, अंधार काळाकुट्ट, हळद पिवळीधमक. ‘हिरवंकुट्ट शेत’ असं कुणी म्हणालं तर अर्थ कळेल, पण माणूस बाहेरचा आहे हेही कळेल. इंग्रजीतही अशाच सोयरिकी ठरलेल्या आहेत. पाऊस ‘हेवी’, चहा ‘स्ट्राँग’. चूक ‘मेक’ करायची, होमवर्क ‘डू’ करायचा. आपण गोळी खातो, इंग्रज ‘टेक’ करतो. आणि आपण परीक्षा देतो, तीही इंग्रजीत ‘टेक’ करतात. आपल्याकडे भलेभले ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतात. तूही स्पीकिंगच्या पहिल्या दोन मिनिटांत ते म्हणाली असशील, अशी मला दाट शंका आहे.

एक गोष्ट तुझ्या मार्कांतच दिसते. रीडिंगला 7 आणि लिसनिंगला 7.5 मिळवणाऱ्या माणसाला इंग्रजी शब्द कमी माहीत असणं शक्यच नाही. रीडिंगचे तीन लांबलचक उतारे आणि 40 प्रश्न एका तासात सोडवतेस, लिसनिंगची ध्वनिफीत एकदाच ऐकवतात तरी पकडतेस. तू शब्द ओळखतेस. बोलता-लिहिताना ते हाताशी येत नाहीत. लग्नातली भांडी माळ्यावर असतात ना, तशी ही गत आहे. घरात आहेत, आपलीच आहेत, पण पाहुणे दारात आल्यावर काढता येत नाहीत. दहा आठवड्यांत बाजारात जाऊन नवी भांडी आणण्यापेक्षा माळ्यावरची खाली उतरवून घासून ठेवणं जास्त शहाणपणाचं.

यासाठी एक यादी मात्र मी तुला सुचवते, पाठ करायला नव्हे, तपासायला. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषाशिक्षिकेने 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत सगळ्या विषयांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी छापली. तिला अकॅडमिक वर्ड लिस्ट म्हणतात. तिच्यात 570 शब्दकुळं आहेत. कुळ म्हणजे ‘ॲनलाइझ’बरोबर ‘ॲनॅलिसिस’, ‘ॲनॅलिस्ट’, ‘ॲनॅलिटिकल’ ही सगळी भावंडं. अभ्यासाच्या इंग्रजी मजकुरात दर दहा शब्दांतला साधारण एक या यादीतला असतो. ती इंटरनेटवर फुकट मिळते. ती घेऊन बस आणि प्रत्येक शब्दापुढे स्वतःला एकच प्रश्न विचार: या शब्दाचं वाक्य मला आत्ता, पाच सेकंदांत, बोलता येतं का? येत असेल तर पुढे जा. शब्द ओळखीचा आहे पण वाक्य येत नाही, तिथे खूण कर. अजिबात माहीत नसेल तिथे तूर्तास काही करू नकोस. माझा अनुभव असा की तुझ्या पातळीच्या मुलींच्या यादीत पूर्ण अनोळखी शब्द फार थोडे निघतात आणि खुणाच जास्त होतात. त्या खुणा म्हणजे तुझा दहा आठवड्यांचा अभ्यास.

आणि आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय, तो तुझा टीपीआर चार्ट, म्हणजे पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास नोंदवायचा तक्ता.

रायटिंगचा पहिला टास्क म्हणजे एखादा आलेख किंवा तक्ता बघून किमान 150 शब्दांत त्याचं वर्णन. कुठल्याशा देशात चहा-कॉफीचा खप कसा बदलला, रेल्वेचे प्रवासी किती वाढले, असलं काही. मुली इथे घाबरतात, वाढलं-कमी झालं यापलीकडे शब्द सुचत नाहीत म्हणतात. अगं, आलेख बघून वर्णन करणं हा तुझा रोजचा धंदा आहे! तापाच्या पेशंटच्या पायाशी अडकवलेला तो कागद डोळ्यांसमोर आण. संध्याकाळी सहाला 103. औषध दिल्यावर दहाला 100. पहाटे दोनला पुन्हा 102. सकाळी सहाला 99, आणि मग दिवसभर तिथेच. टिंबं जोडून तू रेघ ओढतेस आणि सकाळच्या सिस्टरला हँडओव्हरमध्ये काय सांगतेस? ताप चढला, औषधाने झपकन उतरला, रात्री परत चढला, आता स्थिर आहे. हेच इंग्रजीत म्हण: टेम्परेचर ‘पीक्ड ॲट’ 103, मग ‘फेल शार्पली टु’ 100, दोन वाजता ‘रोज अगेन’, आणि शेवटी ‘सेटल्ड ॲट’ 99, त्यानंतर ‘रिमेन्ड स्टेबल’. दोन-तीन दिवस वर-खाली होत राहिला तर ‘फ्लक्चुएटेड’. हळूहळू उतरला तर ‘डिक्लाइन्ड ग्रॅज्युअली’. तापाच्या जागी आता रेल्वेचे प्रवासी ठेव. एकही क्रियापद बदलावं लागणार नाही.

‘ॲट’ आणि ‘टु’ या बारीक शब्दांकडेही लक्ष दे. 100 ‘पर्यंत’ उतरला तर ‘टु’, तीन अंशां‘नी’ उतरला तर ‘फेल बाय थ्री डिग्रीज’. मराठीतल्या प्रत्ययांचं काम इंग्रजीत हे करतात, आणि मार्क इथेच सांडतात.

तुझ्या वॉर्डातले शब्द आलेखापुरतेच उपयोगाचे आहेत असं नाही. पेशंटची कंडिशन ‘डिटेरिऑरेट’ होते, तशी शहराची हवाही डिटेरिऑरेट होते. जुनाट आजार ‘क्रॉनिक’, तर आपल्याकडे नळाला वर्षानुवर्षं दिवस मोजून येणारं पाणी म्हणजे ‘क्रॉनिक शॉर्टेज’; दुष्काळाच्या उन्हाळ्यातली टंचाई ‘अक्यूट शॉर्टेज’. हा फरक एमए इंग्लिश झालेल्याला समजावून सांगावा लागतो, तुला तो केसपेपरवरून माहीत आहे. औषध ‘ॲडमिनिस्टर’ करतेस, सरकार योजना ॲडमिनिस्टर करतं. बीपी ‘मॉनिटर’ करतेस, शाळा मुलांची प्रगती मॉनिटर करते. ‘सिम्प्टम’, ‘रिकव्हरी’, ‘प्रिव्हेन्टिव्ह’, ‘एक्सपोजर’, ‘टॉलरन्स’ हे शब्द अर्थव्यवस्था, पर्यावरण, शिक्षण या सगळ्या विषयांच्या निबंधांत हिंडतात. रायटिंगचा दुसरा टास्क, 250 शब्दांचा निबंध, पहिल्याच्या दुप्पट वजनाचा असतो. तिथे असे पंधरा-वीस शब्द तुझ्या हाताशी, आपापल्या सोबत्यांसह तयार असले तर तुला ‘प्लेथोरा’च्या दारात जावंच लागणार नाही.

विसरण्याबद्दल एक सांगते, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून किती वेळात किती विसरतो हे स्वतःवरच मोजलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. पाठ केलेल्यातलं पुष्कळसं पहिल्या काही तासांतच जातं, मग उरलेलं हळूहळू जातं. पण मध्ये अंतर ठेवून परत आठवलं की दर वेळी पकड घट्ट होते. त्यामुळे रविवारी तुला दहा आठवत नाहीत यात नवल काही नाही. आठवडाभरात तू त्या शब्दांकडे परत गेलीसच कुठे? तुझी आई आज सूप मांडीवर घेतलंच नाही, रविवारी बसून आठवड्याच्या सगळ्या विड्या एकदम वळते असं करते का? रोज ठरलेल्या वळते, म्हणून बोटांना पान न बघता कापता येतं.

म्हणून रोज 50 बंद. रोज आठ. तेही तुझ्या खुणांमधले. प्रत्येकाला पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा एक पुठ्ठा. पुढच्या बाजूला तुझ्या कामातलं किंवा घरातलं एक वाक्य, शब्दाच्या जागी मोकळी रेघ. मागे तो शब्द, त्याच्या दोन सोबती शब्दांसह. उदाहरणार्थ पुढे: ‘द डॉक्टर ____ दॅट द फीव्हर वॉज ड्यू टु अ युरिन इन्फेक्शन.’ मागे: ‘कन्क्लूडेड, कन्क्लूड फ्रॉम द रिपोर्ट, रीच अ कन्क्लूजन.’ पेशंटचं नाव किंवा बेड नंबर मात्र अशा कार्डावर कधीही येऊ देऊ नकोस. कार्ड बघताना मागची बाजू आधी उलटायची नाही, आधी शब्द तोंडाने काढायचा. आला तर ते कार्ड दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. नाही आला तर उद्या परत. खोक्यात कप्पे करून कार्डं पुढे सरकवत न्यायची ही रीत जुनी आहे, मोबाइलवर तिची ॲप्सही आहेत. पण वॉर्डात फोन काढता येत नाही आणि एप्रनच्या खिशात आठ कार्डं आरामात मावतात, म्हणून मी पुठ्ठ्याच्याच बाजूची आहे.

कार्डावर मराठी अर्थ लिहू की नको? क्लासमध्ये तुला ‘इंग्रजीतच विचार करा’ असं सांगितलं असेल. मला ते पटत नाही. अर्थ पहिल्यांदा मनात बसवायला मराठी, तेलुगू, ज्या भाषेत तुला चटकन लख्ख होतो ती वापर, बिनधास्त वापर. फक्त तिथे थांबू नकोस. शब्दाचे सोबती मराठीतून कळत नाहीत, त्यासाठी इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशच हवा, आणि तोही शिकणाऱ्यांसाठी काढलेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही असे कोश इंटरनेटवर मोफत बघता येतात. त्यात आधी उदाहरणाची वाक्यं वाच, व्याख्या नंतर.

स्पीकिंगचं थोडं वेगळं आहे. परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, मधल्या भागात कार्डावर विषय देतात, एक मिनिट विचाराला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला. इथे अडतं ते शब्द न सुचल्यावर. तू गप्प होतेस, मग ‘आय डोन्ट नो द वर्ड’ म्हणतेस, बरोबर? गुण देण्याच्या निकषांत एक गोष्ट स्पष्ट आहे: नेमका शब्द नसताना दुसऱ्या शब्दांत सांगता येणं ही शब्दसंपदाच आहे. त्याचा सराव घरच्या वस्तूंवर कर, कारण त्यांना इंग्रजीत तयार शब्दच नसतो. हुरडा कसा सांगशील? ज्वारीला इंग्रजीत ‘सोर्गम’ म्हणतात, रीडिंगच्या उताऱ्यातही हा शब्द भेटू शकतो. मग हुरडा म्हणजे ‘टेंडर ग्रीन सोर्गम, रोस्टेड इन द फील्ड अँड ईटन हॉट’. शेंगाचटणी? ‘अ ड्राय चटणी ऑफ पीनट्स अँड रेड चिली, पाउंडेड, नॉट ग्राउंड’. उखळात कुटलेली आणि मिक्सरला फिरवलेली यातला फरक सोलापूरच्या माणसाला जिभेवर कळतो. ‘पाउंड’ आणि ‘ग्राइंड’ या दोन शब्दांतही तेवढाच फरक आहे, आणि 7 बँडचा नेमकेपणा म्हणतात तो हाच. ‘तुमच्या गावचा एखादा सण सांगा’ हे कार्ड आलं तर सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेवर, बोल. नंदीध्वजाला शब्द नाही म्हणून अडू नकोस. ‘टॉल, हेवी सेरेमोनियल पोल्स, सेव्हन ऑफ देम, कॅरीड अपराइट थ्रू द ओल्ड सिटी’ असं म्हण. ऐकणाऱ्याला चित्र दिसलं की काम झालं. रोज एक वस्तू घे, मोबाइलवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड कर आणि लगेच ऐक. ऐकताना लाज वाटेल, वाटू दे, चार दिवसांत जाते.

तू हॉस्पिटलमध्ये बोलतेस त्या इंग्रजीतले काही शब्द मात्र परीक्षेत आणि पुढे तिकडेही अडचण करतील, त्यांची नोंद घे. आपण पेशंटला वॉर्डात ‘शिफ्ट’ करतो; तिकडे ‘ट्रान्सफर’ किंवा ‘मूव्ह’ करतात. आपले ‘लूज मोशन्स’ तिकडे ‘डायरिया’. माणूस आपल्याकडे ‘एक्सपायर’ होतो. निबंधात सरळ ‘डाइड’ लिही. कोर्स ‘पास आउट’ झाले म्हणशील तर ब्रिटिश माणसाला तू चक्कर येऊन पडलीस असं वाटेल. ब्रिटनमध्ये पेशंट ‘आय हॅव बीन सिक’ म्हणाला तर तो नुसता आजारी नाही, त्याला उलटी झाली आहे. आणि इथे सगळेच तुला सिस्टर म्हणतात, पण तिकडे ‘सिस्टर’ हा वॉर्डची जबाबदारी असलेल्या वरिष्ठ नर्सचा हुद्दा आहे. मुलाखतीत स्वतःला ‘सिस्टर’ म्हणून सांगण्याआधी हे लक्षात असू दे.

वाचायला काय, असं विचारशील म्हणून सांगते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएसच्या, संकेतस्थळावर प्रत्येक आजाराची माहिती साध्या, घरगुती इंग्रजीत आहे. रोज एक पान वाच. विषय तुझ्या ओळखीचा असल्यामुळे अर्थासाठी धडपड होत नाही आणि लक्ष शब्द कसे जुळवलेत याकडे जातं. जागतिक आरोग्य संघटनेची माहितीपत्रकं त्याहून एक पायरी वर, निबंधाच्या भाषेची. मधुमेहावरचं पान दोन्हीकडचं वाचून शेजारी शेजारी ठेव. तीच गोष्ट घरात कशी सांगतात आणि निबंधात कशी, हे एका बैठकीत कळेल. आठवड्यातून एकदा सुट्टीला हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपरचं संपादकीय वाच, पूर्ण नको, दोन परिच्छेद पुरे. वाचताना अनोळखी शब्दांखाली रेघ मारायची सवय आपल्याला शाळेपासून असते. तू उलटं कर. ओळखीचे शब्द अनोळखी जोडीत दिसले तिथे रेघ मार.

स्पेलिंगकडे दुर्लक्ष नको. ‘ॲकोमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम, ‘एन्व्हायर्न्मेंट’मध्ये न ऐकू येणारा एक एन, असे शब्द आपण कानावर लिहितो आणि चुकतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतंही स्पेलिंग चालतं, पण एका निबंधात एकच धर. पाठ केलेले तयार परिच्छेद वापरू नकोस. तपासणाऱ्यांना ते लगेच ओळखू येतात आणि त्याचा तोटाच होतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘9 बँडचे शब्द’ या फाइली आजच पुसून टाक.

अजून एक वाट तुझ्या सरांनी सांगितली नसेल. ब्रिटनची नर्सिंग परिषद ओईटी ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची इंग्रजी परीक्षाही मान्य करते. तिच्यात निबंधाऐवजी केसनोट्सवरून पत्र लिहायचं असतं आणि बोलायचं ते पेशंटशी बोलल्यासारखं. तुझ्यासारखीला ती जवळची वाटेल. फी मात्र आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे. घरची परिस्थिती बघता मी म्हणेन, आयईएलटीएसचा हा एक प्रयत्न नीट कर, तुला हवेत ते फक्त अर्धा-अर्धा बँड. अर्ज भरायच्या आधी लागणारे बँड परिषदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा वाच, क्लासच्या फलकावर नको.

पहिले सहा आठवडे कार्डं आणि एनएचएसचं पान, एवढंच. निबंध आठवड्याला एक पुरे, पण तो दोनदा लिही. तपासून आला की चार दिवसांनी कोऱ्या कागदावर परत. उरलेल्या चार आठवड्यांत घड्याळ लावून पूर्ण पेपर. नाइट असेल त्या दिवशी फक्त जुनी कार्डं बघ, नवी नकोत. झोप न झालेल्या डोक्यात नवं काही राहत नाही आणि मग पुन्हा स्वतःलाच बोल लावत बसशील.

पुढच्या नाइटला घरून एक कोरा कागद ने. कुणाही पेशंटचा नव्हे, मनानेच एक टीपीआर चार्ट काढ, तीन दिवसांच्या तापाचा. त्याखाली पाच वाक्यं इंग्रजीत लिही. पुढे त्याच पाच वाक्यांत ताप काढून हुतात्मा एक्स्प्रेसचे प्रवासी घाल. दोन्ही कागद या सदराच्या पत्त्यावर पाठव. मी लाल पेनाने तपासून परत पाठवते.

तुझी,
इंग्रजीच्या मॅडम